मान्यताप्राप्त नाडी

माझं मत कुणी विचारत नसे. माझी नाडी विचारत. तेरा वर्षं मी आइस हॉकीची निरीक्षक होते आणि त्या तेरा वर्षांत 'ही मुलगी चांगली खेळते' किंवा 'हिच्यात दम नाही' असं एकही वाक्य मी अहवालात लिहिलेलं नाही. लिहायची सोयच नव्हती. मी फक्त बघायचं. छातीला पट्टा, बोटात अंगठी, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा आणि समोर बर्फ. पुढचं काम माझं अंग करायचं. ओळखपत्रावर माझ्या नावाखाली 'प्रमाणित निरीक्षक' असं छापलेलं होतं. आमचा तंत्रज्ञ फैजान मुजावर मला नेहमी चिडवायचा, म्हणायचा, मॅडम, प्रमाणित तुम्ही नाही, तुमची नाडी आहे.

मी हेमांगी रायरीकर. चिंचवडच्या सिमेंटच्या रिंकवर चाकांच्या स्केट्स घालून हॉकी खेळत मोठी झाले. भारतात बर्फाची मैदानं मोजून दोन होती तेव्हा त्यातल्या एकावर जाऊन आपटले, पुढचे दोन दात पाडून घेतले आणि तिथेच रमले. मोशीला पुण्याचं पहिलं मोठं बर्फाचं मैदान झालं तोवर माझे गुडघे संपले होते. मग बाकावर बसून दुसऱ्यांचा खेळ बघायची नोकरी मिळाली. ती मला मनापासून आवडायची, हे आधीच सांगून टाकते.

या नोकरीमागचं शास्त्र तसं सोपं आहे. खेळ कोळून प्यायलेला माणूस सामना बघत असतो तेव्हा त्याचं अंग सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतं. त्याला स्वतःला याची गंधवार्ता नसते. समोरचा खेळाडू सामान्य असला की अंदाज बरोबर येतो आणि अंग गप्प राहतं. खेळाडू नुसताच बेभरवशाचा असला की अंदाज चुकतो आणि अंग दचकतं, पण ते दचकणं घटना घडून गेल्यावरचं. तिसरा प्रकार दुर्मीळ. त्यात बघणाऱ्याच्या डोळ्यातली बाहुली रुंदावते, श्वास अर्ध्यात अडतो, नाडीचा एक ठोका घाई करतो, आणि हे सगळं खेळाडूने काही करण्याच्या पाव सेकंद आधी. समोरची पोर काहीतरी नवं करणार आहे, हे तिच्या खांद्यांवरून आणि मानेवरून आपल्या अंगाला आधीच कळलेलं असतं. काय करणार ते मात्र कळलेलं नसतं.

ही पाव सेकंदाची उसळी ज्यांच्या खेळात पुन्हा पुन्हा येते तेच खेळाडू पुढे व्यावसायिक संघांत टिकतात, असं दहा वर्षांच्या नोंदींवरून दिसलं. वेग, ताकद, उंची यांपेक्षा तो अंदाज कितीतरी खरा निघाला. मग कुणीतरी त्याचं यंत्र बनवलं. गुडघ्यांचे, घोट्यांचे, हाडांच्या वाढीचे आकडे एका बाजूने घालायचे, निरीक्षकाच्या अंगातल्या उसळ्या दुसऱ्या बाजूने घालायच्या, आणि शंभरपैकी एक आकडा काढायचा. त्याला आम्ही 'पल्ला' म्हणायचो, म्हणजे ही मुलगी किती लांब जाईल. सत्तरच्या वर पल्ला असला तर परदेशी क्लब विचार करायचे. सत्तरच्या खाली असला तर ते पत्राचं उत्तरसुद्धा द्यायचे नाहीत.

अडचण एकच होती. यंत्राला एका माणसाचं अंग शिकायला चार वर्षं लागायची. चहा प्यायल्यावर माझी नाडी किती वाढते, सर्दीत श्वास कसा चालतो, हे सगळं त्याला वजा करता आलं पाहिजे. माझी पाळी जायच्या सुमाराला मला एकाएकी अंगातून वाफा यायच्या आणि यंत्राला वाटायचं की बर्फावर कुणी असामान्य खेळाडू उतरली आहे. ते निस्तरताना बिचाऱ्या फैजानची कानशिलं लाल व्हायची. त्यामुळे साऱ्या देशात असे शिकून झालेले निरीक्षक तिघेच होतो. मी प्रत्येक नव्या मुलीच्या आईबापांना एकच गोष्ट ठासून सांगायचे, की इथे वशिला चालत नाही, तोंड काहीही बोलेल पण अंग खोटं बोलत नाही. हे सांगताना मला फार बरं वाटायचं.

शाल्मली माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिला चाकांवर उभं केलं मी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ती चार वर्षांची असताना. माझ्या ओढणीचा पदर धरून ती खांबांमधून फिरायची आणि मी पदर सोडला की मागे वळून न बघता पुढे जायची. मला मूलबाळ नाही. तिच्या आईला, म्हणजे ताईला, खेळात काडीचा रस नव्हता, त्यामुळे शाल्मलीच्या गुडघ्यांना मलम लावण्यापासून तिच्या स्टिकला टेप गुंडाळण्यापर्यंत सगळं माझ्याकडे होतं. सतराव्या वर्षी ती राज्याची फॉरवर्ड होती. फॉरवर्ड म्हणजे पुढे राहून गोल करणारी. तिचा एक गुण मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही: गोलसमोर सगळ्या जणी घाईला येतात, ही नेमकी तिथे सावकाश व्हायची. पक, म्हणजे रबराची ती काळी चकती, तिच्या स्टिकपाशी क्षणभर बसल्यासारखी थांबायची, आणि गोलरक्षक आडवी झाली की मग ती हलवायची.

त्या वर्षी फिनलंडमधल्या एका क्लबने भारतातून एक मुलगी घ्यायची ठरवली. जागा एकच, वयाची अट अठराच्या आत. शाल्मलीला पाच महिन्यांनी अठरा पूर्ण होत होती. म्हणजे तिला ही एकच संधी होती. मोशीला निवड सामना ठरला, आणि त्यात पल्ला मोजायला निरीक्षक हवा होता. तिघांपैकी एक जण लेहला मांडीचं हाड मोडून पडले होते. दुसरी बाळंतपणाच्या रजेवर होती. उरले मी.

मी नियमाप्रमाणे नातं कळवलं. मनातून वाटत होतं की ते मला बाजूला ठेवतील आणि सामना पुढे ढकलतील. पण महासंघाच्या सचिवांनी फोनवर हसत सांगितलं की माणसाचं मत मागितलं असतं तर तुम्हाला नक्की बाजूला ठेवलं असतं, पण आम्ही मत मागतच नाही, आणि तुम्हीच तर सगळ्यांना सांगता की अंग खोटं बोलत नाही.

मी ताईकडे जाऊन सांगितलं की मला हे नको वाटतं. ताईने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू नाही म्हणालीस तर सामना होणार नाही, आणि झाला नाही तर पोरीचं वय निघून जाईल. मला तुझं ते यंत्र कळत नाही, हेमा. तू फक्त तिच्याकडे बघ. जशी रोज बघतेस तशी बघ."

शाल्मली दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला तिच्याकडे बघवेना. मावशी बघणार म्हटल्यावर आपलं काम झालंच, असं तिला वाटत होतं. वशिल्यामुळे नव्हे. आपला खेळ मावशीच्या अंगाला ठाऊक आहे, म्हणून.

सामन्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला मी चष्मा चढवून बसले. शाल्मलीसमोर खरी स्पर्धक होती लेहची रिग्झिन आंगमो. दणकट, वेगवान, डोक्याने थंड पोर. ती गोठलेल्या तळ्यावर खेळ शिकली होती आणि तिच्या गावातली दहाबारा माणसं तीन दिवसांचा प्रवास करून आली होती. माझ्या समोरच्या बाकांवर ती माणसं शांतपणे थर्मासमधला चहा एकमेकांना देत होती. त्यातल्या एका आजोबांनी मला ओळखून लांबून हात जोडले.

शाल्मली बर्फावर आली आणि हेल्मेटचा पट्टा आवळायला तिने हनुवटी वर केली. ती अजून खेळली नव्हती. पकला तिचा स्पर्शही झाला नव्हता. आणि माझं काळीज असं उडायला लागलं की अंगठीखालचं बोट मला ठणकताना जाणवलं. हे निरीक्षकाचं काळीज नव्हतं, मावशीचं होतं. आणि ते सगळं त्या तारांतून जात होतं, तिच्या नावावर, समोर हात जोडून बसलेल्या माणसांच्या पोरीच्या विरोधात.

इथे माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आई वाईच्या शाळेत गणित शिकवायची आणि आम्ही दोघी बहिणी तिच्याच वर्गात होतो. दर परीक्षेत ती आमचे दोन मार्क कमी करायची. उत्तर बरोबर, रीत बरोबर, तरी दोन कमी. कारण विचारलं तर म्हणायची, बाईंच्या मुलींना मिळाले असं कुणी म्हणायला नको. ताईने यावरून आईशी आयुष्यभर भांडण केलं. मला मात्र त्याचा अभिमान वाटायचा. माझी आई किती न्यायी आहे, असं मी मैत्रिणींना सांगत फिरायचे. वाईत आमच्या ओळखीच्या प्रत्येक शिक्षकाच्या घरात असंच चालायचं आणि कुणालाच त्यात काही गैर दिसत नसे.

तर त्या बाकावर बसून मी माझे दोन मार्क कापायला घेतले. काळीज ताब्यात ठेवायचं तर श्वास ताब्यात हवा, म्हणून मी श्वास मोजायला लागले. चार आकडे आत, सहा बाहेर. पण डोळ्यातल्या बाहुलीवर कुणाचा ताबा चालत नाही. तिला गप्प करायला एकच उपाय मला ठाऊक होता. माणूस डोक्यात अवघड हिशेब करत असला की बाहुली आपोआप रुंद होते आणि तशीच राहते. मग तिच्यावर आणखी लहानसहान उसळ्या उमटत नाहीत. मी एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायला लागले. दोनशे नव्वद, दोनशे एकसष्ट, दोनशे बत्तीस. संपला की सत्तावीसचा. मग तेवीसचा.

ठरवलं होतं की पाचच मिनिटं, काळीज जाग्यावर येईपर्यंत. पण पाढा सोडला की ते पुन्हा उडायचं. शाल्मलीने दुसऱ्याच मिनिटाला दोघींच्या मधून पक काढला तेव्हा उडालं. ती पडली तेव्हाही उडालं. यातलं मावशीचं कुठलं आणि निरीक्षकाचं कुठलं, हे मला सांगता येईना. मग मी सगळंच दाबलं. मधल्या विश्रांती सोडल्या तर पूर्ण साठ मिनिटं मी पाढे म्हटले. रिग्झिन पक घेऊन पुढे आली की मी पाढा थांबवायचे आणि मोकळ्या डोळ्यांनी तिला बघायचे. हे मी न्याय म्हणून करत होते.

शाल्मलीने त्या दिवशी दोन गोल केले. दुसरा गोल कसा झाला ते मला आठवत नाही. तेव्हा मी एकशे सोळावर होते.

चार दिवसांनी आकडे लागले. रिग्झिन चौऱ्याहत्तर, शाल्मली छप्पन्न.

छप्पन्न हा आकडा वाईट नव्हे, साधा आहे. बँकेत नोकरी करून रविवारी हौसेने खेळणाऱ्या बाईचा असतो तेवढा. शाल्मलीच्या गुडघ्यांचे आणि हाडांचे आकडे रिग्झिनपेक्षा सरस होते. ते अहवालात वेगळे छापलेले होते. म्हणजे तिला मागे खेचलं ते फक्त माझ्या बाजूच्या आकड्याने, आणि हे वाचता येण्याइतकी ती शहाणी होती.

दुपारी ती माझ्याकडे आली. मी कोकम सरबत केलं. ते तिने संपवलं, ग्लास विसळून पालथा घातला, आणि मग ओट्याला टेकून मला विचारलं, "मावशी, तुला खरंच काहीच वाटलं नाही?"

तिने निवड का झाली नाही म्हणून विचारलं नव्हतं. आकडा चुकला का, हेही नाही. इतकी वर्षं जिच्यासमोर आपण खेळलो तिच्या अंगात आपल्याला बघून एक ठोकासुद्धा हलला नाही, हे तिला छापील मिळालं होतं. आणि तेव्हा मी, जिला खरं ठाऊक होतं, म्हणाले की बाळ, अंग जे सांगतं ते सांगतं, त्यात माझा हात नसतो. ती बरं म्हणाली. स्केट्सची पिशवी ती माझ्या दाराशी ठेवून गेली. मला वाटलं विसरली असेल. ती विसरली नव्हती.

दोन दिवसांनी फैजानने मला रिंकवर बोलावलं. तो पडद्यासमोर बसला होता आणि नेहमीसारखं चिडवत नव्हता. त्याने माझ्या श्वासाची रेघ दाखवली. शाल्मली खेळत असताना ती रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी होती. मिनिटाला सहा श्वास, ना कमी ना जास्त.

"मॅडम, हॉकी बघताना असा श्वास माणूस घेत नाही," तो म्हणाला. "तुम्ही काय करत होता?"

मी त्याला सांगितलं. पाढ्यांचंही सांगितलं. हळू आवाजात त्याने मला जे समजावलं ते मला आधीच माहीत असायला हवं होतं. नियमावलीत ते होतं, आणि नियमावली वाचायचा माझा स्वभाव नाही. जिव्हाळ्याने नाडी वाढते ती हळूहळू चढते आणि मिनिटं न् मिनिटं टिकते, खेळात काहीही चाललेलं असो. खेळाची उसळी पाव सेकंदाची असते आणि खेळाशी बांधलेली असते. यंत्राला दोन्हींतला फरक पहिल्या वर्षापासून कळत होता. जिव्हाळा ते स्वतःच वजा करायचं. मी नुसती मावशीसारखी बसले असते, रडले असते, ओरडले असते, तरी चाललं असतं. मी कापलं ते नेमकं उरायला हवं होतं तेच.

मग तो म्हणाला की निकालावर आक्षेप घ्यायला सामन्यापासून सात दिवस असतात आणि आज सहावा आहे. मी लेखी दिलं की मी नोंदीत ढवळाढवळ केली, तर शाल्मलीची मोजणी रद्द होते आणि महिन्याभरात फेरसामना घ्यावाच लागतो. वयाच्या आत बसतं. त्याने अर्ज उघडून ठेवला होता. नुसता अंगठा लावायचा होता.

मी तिथे अर्धा तास बसले. अर्ज केला तर लोक म्हणणार की मावशीने भाचीसाठी दुसरा डाव मागितला. रिग्झिनच्या गावात एव्हाना तिच्या गळ्यात पांढरे खातक, म्हणजे मानाचे रेशमी शेले, पडले असतील, ते उतरवायला मी सांगणार. ही दोन कारणं मी फैजानला दिली आणि दोन्ही खरी होती. तिसरं दिलं नाही. निरीक्षक आपल्या अंगावर ताबा ठेवू शकतो हे कळलं असतं, तर माझ्या तोवरच्या दहा वर्षांच्या तीनशेवर मोजण्या पुन्हा उघडल्या असत्या आणि माझी नाडी कुणी परत विचारली नसती. मला माझी नोकरी फार आवडायची, हे मी सांगितलंच आहे.

"राहू दे," मी म्हणाले. फैजानने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पडदा बंद केला. त्यानंतर त्याने मला कधी चिडवलं नाही.

माणूस वाईट हेतूने चुकला तर त्याला पश्चात्तापाची निदान वाट तरी दिसते. मी दोन्ही वेळा स्वतःला चांगली बाई समजून चुकले. पहिल्यांदा तर मला अभिमानसुद्धा वाटला होता. त्या साठ मिनिटांच्या शेवटी चष्मा काढताना मी मनात म्हणाले होते की आई असती तर खूश झाली असती. ते आठवलं की आजही मला अन्न गोड लागत नाही.

शाल्मलीने खेळ सोडला. रागाने सोडला नाही, आदळआपट केली नाही. नाशिकला जाऊन तिने अन्नप्रक्रियेचं शिक्षण घेतलं आणि द्राक्षांच्या शीतगृहात तिला चांगली नोकरी लागली. ताई म्हणायची, बघ, शेवटी पोरगी थंडीतच रमली, आणि स्वतःच हसायची. ताईने मला एका शब्दाने दुखवलं नाही. शाल्मली माझ्या वाढदिवसाला न चुकता फोन करायची, तब्येत विचारायची, गोळ्या वेळेवर घे म्हणायची. पूर्वी ती माझ्याशी कडाकडा भांडायची, माझ्या ताटातली भजी उचलायची. आता ती माझ्याशी फार नीट वागायला लागली होती. ते नीट वागणं मला सहन होत नसे.

तीन वर्षांनी आम्हा तिघांचीही गरज संपली. यंत्राने आमच्या अंगांच्या इतक्या नोंदी साठवल्या होत्या की आता आमच्याशिवाय ते आमच्यासारखं बघू शकायचं. निरोपाच्या समारंभात कुणीतरी म्हणालं की रायरीकर मॅडमची नाडी आता अमर झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, अमर झाली म्हणजे पाढे म्हणणारी नाडीसुद्धा तिच्यात असेल.

नोकरी गेली तेव्हा लपवायचं कारणही गेलं. मी फैजानला फोन करून त्या दिवसाच्या नोंदी मागितल्या. तो अवघडून म्हणाला की कायद्याप्रमाणे निवड न झालेल्या मुलींच्या नोंदी तीन वर्षांनी पुसाव्या लागतात आणि त्या गेल्याच महिन्यात पुसल्या गेल्या. आकडा तेवढा राहिला होता. छप्पन्न.

तरी मी नाशिकला गेले. शाल्मलीने गंगापूर रोडला दोन खोल्या घेतल्या होत्या. सकाळची वेळ होती, सुट्टीचा दिवस. तिने मटकीची उसळ केली होती आणि गरम पोळ्या वाढत होती. लग्न ठरलंय, मुलगा तिच्याच शीतगृहात आहे, असं ती सांगत होती. तिचे खांदे अजून तसेच होते. आडव्या उभ्या राहिलेल्या दोघींच्या मधून जायला तयार असावेत तसे. मी पोळी बाजूला ठेवली आणि सगळं सांगितलं. काळीज उडालं ते, पाढे, श्वासाची रेघ, सहावा दिवस. तू असामान्य होतीस, मला ते पहिल्या मिनिटाला कळलं होतं आणि ते मी दाबलं, असं मी तिला स्पष्ट सांगितलं.

तिने सगळं ऐकलं. मग माझा हात हातात घेतला, लहान मुलाचा घ्यावा तसा.

"मावशी, किती त्रास करून घेतेस," ती म्हणाली. "तुला तेव्हा काही वाटलं नाही, त्यात तुझा काय दोष? मी तेवढी चांगली नव्हते, एवढंच. आता माझं मन राखायला म्हणून असं काहीतरी सांगू नकोस."

मी म्हणाले की मन राखत नाही, खरं सांगते. फैजानला विचार, म्हणाले. नोंदी पुसल्या गेल्यात, पण त्याने रेघ पाहिली आहे.

तिने हात सोडवून घेतला. गॅसवर तवा तापत होता. ती उठली, गॅस बारीक केला आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"मी तेवढी चांगली नव्हते हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली, मावशी. रोज सकाळी उठून मान्य करत होते. मग एक दिवस ते मान्य झालं, आणि त्यानंतरच मी इथे नीट जगायला लागले. तू म्हणतेस ते खरं असेल, तर मला ते सगळं परत पहिल्यापासून करावं लागेल." एक पोळी तव्यावर टाकून ती म्हणाली, "म्हणून विचारते. खरं आहे का?"

ती वळली. तिच्या हातात लाटणं होतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, उत्तराची वाट बघत. माझ्या छातीला पट्टा नव्हता, बोटात अंगठी नव्हती. आत जे चाललं होतं ते कुठल्याही तारेतून कुठेही जाणार नव्हतं.

"नाही गं," मी म्हणाले. "तुझं मन राखायलाच म्हटलं."

तिचे खांदे सैल झाले. मला वाटलंच, असं ती म्हणाली, थोडी हसलीसुद्धा, आणि तव्यावरची पोळी काढून तिने माझ्या पानात वाढली.